अण्णासाहेबांची कवळी

"मंडळाच्या नव्या टीव्हीच्या पोटातच डीव्हीडी प्लेअर हवा. वेगळा डबा म्हणजे नुसता गबाळेपणा!" अध्यक्ष अण्णासाहेबांनी बोळक्या तोंडाने फर्मान काढलं. मोडलेली कवळी मिरजेला दुरुस्तीला गेली होती, पण ताठा जागेवर होता.

अनसूयाकाकूंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. उद्या प्लेअर बिघडला, तर त्याच्यापायी चांगला टीव्हीही दुकानात जाऊन बसणार आणि बायकांची दुपारची मालिका बुडणार! त्या पदर खोचून उठल्या.

"अण्णासाहेब, कवळी दुरुस्तीला गेली तरी तुम्ही सभेला आलात, हे आमचं भाग्य. तीही तुमच्या तोंडात कायमची बसवलेली असती, तर आज तुम्हीसुद्धा मिरजेत दुरुस्तीच्या टेबलावर पडला असता!"

सभा खदखदून हसली. अण्णासाहेबांनीही बोळकं पसरलं. "आणा बाई, वेगळाच डबा आणा!"