बावखलातली परी आणि फिलूची दुसरी मागणी

वसईकडच्या केळीच्या वाड्यांमध्ये, झावळ्यांनी शाकारलेल्या एका पिटुकल्या घरात फिलू राहायची. आठ वर्षांची, काटकुळी, मोठ्या डोळ्यांची. तिचे बाबा, इंत्रू, दुसऱ्यांच्या वाडीत केळीची पानं कापायचे. ताटात कधी पेज असायची, कधी पेजेचं नुसतं पाणी. पण पोर भारी मायाळू. वाटेत गोगलगाय दिसली, की पायाखाली येईल म्हणून तिला हळूच उचलून अळवाच्या पानावर ठेवायची.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात फिलूची आय तापाने गेली. तेव्हापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. ते रडलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी क्रुसापुढे मेणबत्ती लावून फिलू एकटीच प्रार्थना म्हणे. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' अशी सुरुवात करी. पण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे आली की ती अडे. आय जावी, ही देवाची इच्छा? पुढचं तिला म्हणवेच ना. ती मेणबत्तीवर फुंकर घाली आणि तशीच आडवी होई.

एकदा भर दुपारी आयच्या थडग्यासाठी चाफ्याची फुलं वेचत ती वाडीच्या पार टोकाला गेली. तिथे एक बावखल होतं. गोड्या पाण्याचं, जुनं, खोल तळं. पाणी हिरवंगार, वर निळ्या-जांभळ्या कमळांच्या चिमुकल्या कळ्या.

फिलू काठावर वाकली आणि एकाएकी सगळं गप्प झालं. बेडूक गप्प. पाखरं गप्प. केळीचं एक पान हलेना. पाण्यात तिचं प्रतिबिंब होतं. फिलूने डोळे मिटून उघडले. प्रतिबिंबाने मात्र ते जरा उशिराने उघडले.

"घाबरू नकोस," कोणीतरी म्हणालं.

कमळांच्या मधोमध एक परी उभी होती. चतुर किड्याच्या पंखांसारखा झगा, केसांत चमचमणारे दवाचे मणी. पण तिची सावली पाण्यावर पडत नव्हती.

"दोन गोष्टी माग," परी म्हणाली. "तिसरी मिळणार नाही. गेलेलं माणूस मला परत आणता येत नाही. आणि माझ्यासाठी मला काही मागता येत नाही. एवढेच नियम."

फिलूचं काळीज धडधडलं. "मला माझी आय दिसू दे."

हिरवं पाणी उजळलं. तळाशी आय उभी होती! तीच लाल साडी, तोच हसरा चेहरा. केस शेवाळासारखे संथ डुलत होते. तिने हात पुढे केला. बोटं पाण्याच्या आतून अगदी वरपर्यंत आली.

"आय," फिलू कुजबुजली, "प्रार्थना म्हणू या?"

आयचे ओठ हलले. फिलूचे हलतील तसेच, फक्त जरा उशिराने. आवाज नव्हता. डोळ्यांत ओळख नव्हती. फिलूच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ही माझी आय नाही," ती म्हणाली.

"आठवणीतून मला एवढंच घडवता येतं," परी हळू बोलली. "आता दुसरं माग. तिच्यापाशी जायचं माग. इथे येणारे सगळे तेच मागतात."

कमळाच्या कळ्या एकदम फिलूकडे वळल्या. पाणी काठ सोडून तिच्या पावलांशी आलं. गार, मऊ, ओढाळ. इतक्यात लांब ख्रिस्ती देवळात बाराची घंटा वाजू लागली. फिलू तिथेच, चिखलात, गुडघ्यांवर बसली.

"देवबाप्पा, मला तुझा राग आलाय. खूप राग आलाय. पण माझी आय तुझ्यापाशी आहे ना? तिला जप. आणि मला भीती वाटते रे. तू इथे ये."

घंटेचे टोल हवेत थरथरत राहिले. कोणी बोललं नाही, काही दिसलं नाही. पण उन्हात वाळलेली गोधडी पाठीवर टाकावी, तशी ऊब तिच्या खांद्यांवर उतरली. पावलांशी आलेलं पाणी मागे सरलं.

फिलूने मान वर केली. परी एकटक तिच्याकडे बघत होती. किती थकलेला तो चेहरा!

"तुला काय हवं गं?" फिलूने विचारलं.

परीचे ओठ थरथरले. "हे मला आजवर कोणी विचारलं नाही. मला... मला घरी जायचंय. वर. देवाच्या अंगणात."

"मग माझी दुसरी मागणी तीच. तू घरी जा."

परीच्या झग्यातून सोनेरी प्रकाश झिरपू लागला. "वेडी पोर! सगळं देऊन टाकलंस! आता तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. पण तुझ्या आयला तिथे भेटेन, खरीखुरी. काय निरोप सांगू?"

फिलूने डोळे पुसले, विचार केला. "सांग, फिलू दोन वेण्या आता एकटीच घालते. आणि सांग, बाबांकडे मी बघते."

"सांगते हं, सोनुल्या."

लखलखाट झाला. गुलाबी, निळा, केशरी, मग शुभ्र. त्यात परी विरघळून गेली. पाण्यातली लाल साडीही विरली. कुठेतरी एक बेडूक डरावला, मग दहा.

"फिलू! फिलू गं!"

केळींमधून बाबा धावत आले. किती दिवसांनी त्यांचा आवाज! बावखलाच्या काठाशी लेकीला बघून ते मटकन खाली बसले.

"घरात नव्हतीस. मला वाटलं, तूही... मला रडू येतंय गं, फिलू."

"मग रडा ना, बाबा. मी आहे."

बाबा रडले. पोटभर रडले. फिलूही रडली. मग दोघांनी हात जोडले आणि अडखळत, हुंदके देत, ती प्रार्थना शेवटच्या आमेनपर्यंत म्हटली.

फिलू आता म्हातारी झाली आहे. ती सांगते, त्या दुपारी काठावर ती आणि बाबा दोघंच होते. पण घरी जायला उठले, तेव्हा ओल्या गवतावर तिघं जण बसल्याच्या खुणा होत्या.