पाणी ओतणारा हात

तामितच्या घरी रोज एक छोटंसं मडकं पाणी यायचं, आणि त्यातलं वाटीभर पाणी ती डोंगरावर नेऊन एका चित्रापुढं ठेवायची. स्वतःची तहान मारून! तुम्ही म्हणाल, काय वेडी पोरगी आहे. थांबा जरा, आधी सगळं ऐकून तर घ्या.

ही गोष्ट फार फार जुनी, इजिप्त देशातली. तिथं नाईल नावाची एक लांबच लांब, निळीशार नदी आहे. नदीकाठी हिरवीगार शेतं, आणि शेतं संपली की लगेच सोनेरी वाळू. त्या वाळूत, डोंगराच्या कुशीत, चित्रकारांचं एक इवलंसं गाव होतं. गावात ना विहीर ना झरा. नदीवरून गाढवं पाणी घेऊन यायची आणि मुकादम ते घरोघरी वाटून द्यायचा.

गावातली माणसं डोंगरात खोल्या कोरायची आणि त्यांच्या भिंती चित्रांनी भरून टाकायची. माणूस मेला की तो त्या खोलीत राहायला जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि भिंतीवर जे काढलंय ते तिथं त्याच्यासाठी खरं होतं म्हणे! भाकरी काढली तर भाकरी मिळणार, तळं काढलं तर तळं. पण जे काढायचं राहिलं, ते कायमचं राहिलंच. त्यामुळं चित्रकार अगदी जिवापाड जपून काम करत.

तामितचे बाबा पाशेदू हे गावातले सगळ्यात छान चित्रकार. त्यांनी काढलेली फुलपाखरं बघून मांजरं भिंतीवर उड्या मारायची. पण दगडाची धूळ आणि दिव्याचा धूर वर्षानुवर्षं डोळ्यांत गेला. आधी त्यांना धुकं दिसायला लागलं, मग नुसता अंधार. तामितची आई तर ती लहान असतानाच देवाघरी गेली होती. आता घरात चूल पेटवायची तामितनं, आणि बाबांचा हात धरून त्यांना अंगणात आणायचंही तिनंच.

बाबांचं शेवटचं चित्र होतं एका रानअंजिराच्या झाडाचं. आपल्या उंबराच्याच नात्यातलं झाड ते. त्या झाडात एक परी राहते आणि तहानलेल्यांना पाणी पाजते, असं तिकडं मानत. बाबांनी परीचे मोरपंखी पंख काढले, एका हातात लालचुटूक फळांची परडी दिली, शेजारी पाण्यानं भरलेली सुरई काढली. आता फक्त सुरई धरणारा हात राहिला होता, आणि नेमकी तेव्हाच त्यांची नजर गेली. ज्या श्रीमंत माणसाची ती खोली होती, तो चिडून दुसऱ्या डोंगरात खोली खोदायला गेला. चित्र तसंच अर्धवट राहिलं.

"तामित, तिला पाणी ठेवून आलीस का गं?" बाबा रोज विचारायचे. "माझ्यामुळं तिला एक हात नाही. सगळ्यांना पाणी पाजणारी ती, आणि स्वतः तहानलेली बसली असेल बिचारी."

"ठेवून आले, बाबा. गार पाणी होतं," तामित सांगायची. मग आपल्या कोरड्या ओठांवरून हळूच जीभ फिरवायची.

एके दिवशी मुकादम पेंदुआ दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता.

"पाशेदूदादा, कसं सांगू तुम्हाला? नवा चित्रकार येतोय. हे घर चित्रकाराचं आहे ना... तुम्हाला आता ते सोडावं लागेल हो."

हातानं चाचपत बाबांनी भिंतीवरून बोटं फिरवली. तामित विचारात पडली. कुठं जायचं आंधळ्या बाबांना घेऊन?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगरावर गेली, वाटी ठेवली आणि तिथंच मुळूमुळू रडायला लागली. तेवढ्यात दारातून कोवळं ऊन आत शिरलं आणि चित्रावर पडलं. झाडाची पानं सळसळली. खरोखर सळसळली! पंखांवर हिरवी, निळी, सोनेरी ठिणगी चमकली, आणि भिंतीवरच्या परीनं मान वळवली.

"रडू नको गं, सोनुली," परी म्हणाली. "रोज स्वतःच्या वाट्याचं पाणी आणतेस ना माझ्यासाठी? आज मी तुला काहीतरी देणार आहे. माझ्या परडीत बघ."

परडीत फळांच्या मधोमध एक नाजुकसा शिंपला होता. त्यात रंग होता, पण कोणता ते सांगता येईना. क्षणात गुलाबी, क्षणात जांभळा.

"या रंगानं जे काढशील ते इथं, तुमच्या जगात खरं होईल," परी म्हणाली. "पण नियम ऐकून घे हं. याच भिंतीवर काढायचं, आणि ऊन भिंतीवर आहे तोवरच. काढलेलं पुसायचं नाही. आणि जसं काढशील तस्संच मिळेल, कमी नाही की जास्त नाही. रंग संपला की संपला."

तामितनं शिंपला छातीशी धरला. बाबांचे डोळे! पण ती होती मोठी हुशार. बाबांच्या डोळ्यांशी खेळ नको, आधी काहीतरी दुसरं करून बघू, असा तिनं विचार केला. पोटात कावळे ओरडत होतेच. तिनं पाण्यात पोहणारं एक गुबगुबीत बदक काढलं.

फट्‌कन बदक भिंतीतून बाहेर पडलं आणि जमिनीवर धप्पकन बसलं. उठेचना! "क्वॅक! क्वॅक!" करून त्यानं डोंगर डोक्यावर घेतला. तामितनं वाकून पाहिलं तर काय, त्याला पायच नाहीत! पाण्यातलं बदक काढलं होतं ना, पाय पाण्याखाली. ते काढायचे राहूनच गेले.

"अगं बाई! माझं चुकलं रे बाबा," म्हणत तिनं त्याला उचलून भिंतीला टेकवलं आणि खाली दोन पिवळेधमक पाय काढून दिले. बदक ताडकन उठलं, तिच्याकडं रागानं बघितलं आणि ऐटीत चालायला लागलं. परी इतकी हसली की पंखांतून चमचमती धूळ सांडली. त्या दिवशी घरी बदकानं पांढरंशुभ्र अंडं दिलं आणि दोघंही पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तामितनं बाबांना काढायला घेतलं. बाबांनी शिकवलं होतं ना सगळं! चेहरा बाजूनं, नाकाची रेघ सरळ, खांदे समोरून, बोटं सगळीच्या सगळी. आणि डोळा? मोठ्ठा, टपोरा, काजळ घातलेला. चित्र पुरं होताच ती धावतच सुटली.

बाबा अंगणात उभे होते. "तामित! अगं, केसांत केवढं गवत अडकलंय तुझ्या!"

"बाबा, तुम्हाला दिसतंय?"

"दिसतंय गं, बाळा! किती मोठी झालीस तू!" बाबांनी तिला उचलून घेतलं. बापलेक हसताहेत काय, रडताहेत काय! मग बाबांनी एक डोळा झाकला, दुसरा झाकला आणि थबकले. "या डोळ्यानं दिसतंय. या डोळ्यानं मात्र काळोखच आहे."

तामितनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. शिंपला, नियम, बदक, चित्र. बाबांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले. "अगं वेडाबाई, तू मला बाजूनं काढलंस! बाजूनं काढलं की डोळा एकच दिसतो. आपल्या देशात सगळी माणसं तशीच काढतात, त्यात तुझी काय चूक? मीच शिकवलं तुला तसं."

पण हसू फार वेळ टिकलं नाही. बातमी ऐकून मुकादम आला, त्यानं परीक्षेसाठी बाबांच्या हातात कुंचला दिला. बाबांनी रेघ मारायला हात पुढं केला आणि कुंचला हवेतच फिरला. भिंत अजून बोटभर लांब होती! पुन्हा प्रयत्न केला, तर कुंचला भिंतीवर आपटून रंगाचा ठिपका उडाला. एका डोळ्याला भिंत किती जवळ आहे तेच कळेना.

"उद्या नवा चित्रकार येतोय," मुकादम मान खाली घालून म्हणाला आणि निघून गेला.

शिंपल्याच्या तळाशी अजून थोडासा रंग होता. आणखी एकच काहीतरी काढण्यापुरता. "उद्या सकाळी काढते, बाबा," तामित म्हणाली. "नुसता डोळा काढते, मग चुकायची भीतीच नाही."

सकाळी बाबाही तिच्याबरोबर डोंगर चढले. चढून दम लागला म्हणून ते दाराशीच टेकले. तामित आत गेली, नवी वाटी ठेवली, आणि तिचं लक्ष कालच्या वाटीकडं गेलं. वाटी रोजच्यासारखी तशीच भरलेली होती. चित्रापुढं ठेवलेलं पाणी असंच राहायचं, असं तिला आजवर वाटायचं; पण ही परी तर जिवंत होती!

"तू पाणी प्यायली नाहीस?" तिनं विचारलं.

परीचे ओठ किती सुकले होते! एक हात परडीत अडकलेला, आणि दुसरा... दुसरा नव्हताच. भरलेली सुरई बाजूला नुसती लटकत होती.

"इतके दिवस मी पाणी आणलं, आणि तुला एक घोटही घेता आला नाही?" तामितच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग सांगायचं नाहीस का? रंग तर तुझाच होता!"

"आम्हा पऱ्यांना स्वतःसाठी काही मागता येत नाही, सोनुली," परी मऊ आवाजात म्हणाली. "तू तुझं काम कर. ऊन चाललंय."

तामितनं शिंपल्यात पाहिलं. बाबांचा डोळा. घर. बाबांचं हसू. तिला हुंदकाच फुटला. पण बाबांनी निदान चेहरा तरी बघितला होता तिचा, आणि इथं ही सगळ्यांना पाणी पाजणारी भरल्या सुरईशेजारी तहानेनं सुकत होती. तामितला ते बघवेना.

"बाबा," तिनं हाक मारली, "पाणी ओतणारा हात कसा काढायचा?"

उरलेला रंग कशासाठी राखला होता, ते बाबांना ठाऊक होतं. मग ते उठून आत आले आणि तिच्या मागं गुडघ्यांवर बसले.

"शहाणी माझी बाय," ते म्हणाले. "फार दिवस राहिलंय गं हे माझ्याकडून. चल, दोघं मिळून काढू."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. भिंत कुठं आहे ते तामितच्या बोटांना कळत होतं, आणि रेघ कुठं वळवायची ते बाबांच्या बोटांना. खांदा झाला, कोपर झालं, मनगटावर निळं कांकण झालं. शेवटचं बोट पुरं झालं तेव्हा शिंपला कोरडा ठणठणीत होता.

परीनं बोटं हलवून पाहिली. सुरई धरली, तिरकी केली आणि आधी स्वतः घटाघटा पाणी प्यायली. मग हसली, वाकली आणि उरलेली धार बाबांच्या चेहऱ्यावर सोडली. गार, गोड, अंजिराच्या वासाची धार! बाबांनी चेहरा पुसला, आणि दोन्ही डोळे उघडले. दोन्ही!

"माझ्या सुरईत हे पाणी पहिल्यापासून होतं, सोनुली," परी म्हणाली. "पण ओतणार कशी? आज तुम्ही मला हात दिलात."

खोली सोन्यासारखी उजळली. बाबांनी तामितला जवळ ओढलं. पंख फडफडले, चमचमती धूळ उडाली, आणि परी उन्हाच्या तिरिपेवरून वर, वर जात प्रकाशात विरघळून गेली. भिंतीवर राहिलं ते बाबांनी काढलेलं परीचं चित्र. आता पुरं झालेलं.

खाली येऊन बाबांनी मुकादमासमोर एकाच दमात अशी सुरेख रेघ ओढली की त्याचा आ वासलेलाच राहिला. घर त्यांचंच राहिलं. नवा चित्रकार आला, त्यालाही कामाला घेतलं, कारण डोंगर काय लहान होता? पुढं तामितही चित्रकार झाली. कुणाचंही चित्र काढायला घेतलं की ती आधी हात काढायची. बदक मात्र तिच्यावर जन्मभर थोडंसं रुसलेलंच होतं.

आणि ती वाटी? तामित अजूनही रोज ती डोंगरावर नेऊन ठेवायची. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी गेलं की वाटी रिकामी असायची, आणि तिच्या काठावर ओठांची ओली खूण असायची.

त्या बापलेकींचे हात जसे रंगले, तसे तुमचेही रंगोत, आणि तुमच्या दारची वाटी कधी कोरडी न राहो.