घामकऱ्यांचा राजा

एका राज्यात वज्रबाहू नावाचा राजा होता. नाव वज्रबाहू आणि दंड मळून ठेवलेल्या कणकेसारखे! पण राजाला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्याचा व्यायाम रोज होत असे. तो स्वतः करत नसे, एवढंच. यजमानाच्या नावाने भटजी अनुष्ठान करतो ना, तशी त्या राज्यात राजाच्या नावाने व्यायाम करणारी माणसं होती. त्यांना म्हणत घामकरी. पहाटे पाच घामकरी आखाड्यात उतरत, हातावर पाणी घेऊन राजाच्या नावाने संकल्प सोडत आणि जोर, बैठका, नमस्कार घालत. मग भालदार राजाच्या पलंगाशी येऊन ललकारी देई, "महाराजांच्या नावाने एकशे आठ नमस्कार घडले होऽऽ!" राजा दुलईतूनच म्हणे, "उत्तम," आणि कूस बदले.

तीन पिढ्या हे चाललं आणि कुणी ब्र काढला नाही. होता होता गोष्ट इथवर आली की राजाच्या वतीने सेनापती नगराला फेरी घाली आणि पाहुणा आला की राजाच्या वतीने प्रधान उठून उभा राही. राजाच्या वतीने जेवायला मात्र कुणी नेमला नव्हता बरं! तिथे महाराज जातीने हजर असत.

एके दिवशी दरबारात अग्निशिख नावाचा मांत्रिक आला. बारा वर्षं तप करून, बारा नद्या ओलांडून, पायी आला होता. राजा बसून राहिला. प्रधान उठला, हात जोडून म्हणाला, "महाराज आपल्यासाठी उभे राहिले आहेत."

मांत्रिकाचे डोळे लाल झाले. "राजा, पाहुण्यासाठी उठायलाही तुला माणूस लागतो?"

"आमच्या घराण्याची रीत आहे," राजा म्हणाला. "आम्ही रीत मोडत नाही."

"ठीक. माझ्यासाठी उठला नाहीस, आता लेकीसाठी उठतोस का बघतो."

त्याने टाळी वाजवली. राजाशेजारी बसलेली राजकन्या मृगांका दिसेनाशी झाली. नगराबाहेरच्या उभ्या डोंगरावर एक तांबडा महाल उगवला आणि त्याच्या गवाक्षात ती दिसू लागली. मांत्रिक म्हणाला, "डोंगराला नऊशे पायऱ्या, तीन दरवाजे. दर पौर्णिमेला तुझी लेक वीतभर दगड होईल, पायांकडून वर. सातव्या पौर्णिमेला चंद्र उगवला की श्वास थांबेल. त्याआधी ये आणि घेऊन जा."

राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझी एकुलती एक लेक, माझ्या दरबारातून, माझ्या डोळ्यांदेखत! तो असा गरजला की झुंबरं हलली. आणि गरजून झाल्यावर त्याने काय केलं? घामकरी पाठवले.

पहिला दरवाजा डोंगराच्या पायथ्याशीच होता. त्याच्या दगडी तोंडाने विचारलं, "कोण आलं?"

"महाराज वज्रबाहू, आमच्या रूपाने," घामकरी म्हणाले.

"नावाला पाय नसतात," दरवाजा म्हणाला आणि त्याने तोंड मिटलं. घामकऱ्यांनी खांदे लावले, पहारी लावल्या, एक महिना झटले. दरवाजा तसूभर हलला नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी राजकन्येची साळुंकी डोंगरावरून उडत आली. ती माणसासारखं बोले, आणि तोंडाची फटकळ होती. ती म्हणाली, "घोटे गेले, राजा."

मग राजा निघाला. पायथ्यापर्यंत पालखीतून गेला, धुसफुसत उतरला. दरवाजाने विचारलं, "कोण आलं?" राजा म्हणाला, "मी." दरवाजा उघडला. चाळीस पायऱ्या चढल्यावर राजाचा जीव नाकाशी आला. त्याने बैठक मारली, पानाचा डबा मागवला, वर पाहिलं आणि म्हणाला, "आज अंगात स्फूर्ती नाही. स्फूर्ती आली की चढू."

स्फूर्ती काही आली नाही, पौर्णिमा मात्र आली. साळुंकी म्हणाली, "पोटऱ्या गेल्या, राजा. तुझ्या स्फूर्तीचा काही निरोप?"

राजाच्या जामदारखान्यात पणजोबांचा उत्साहमणी होता. मणी शापित होता, गळ्यात घातला की माणूस एक दिवस वाऱ्यासारखा धावे आणि मग तीन दिवस पापणीसुद्धा उचलू शकत नसे. राजाने मणी घातला. एका दमात साडेचारशे पायऱ्या चढून तो दुसऱ्या दरवाजाशी पोचला. खाली नगारे वाजले, लोकांनी फुलं उधळली.

दरवाजाने विचारलं, "काल आला होतास का?"

"कालचं काय घेऊन बसलास? आज कसा आलो ते बघ!"

"काल?"

"नाही आलो."

"मग ओळख नाही," दरवाजा म्हणाला.

तीन दिवस राजा ओंडक्यासारखा पडून राहिला. चौथ्या दिवशी पुन्हा मणी, पुन्हा नगारे, पुन्हा तोच प्रश्न. असे दोन महिने गेले. तिकडे गुडघे गेले, मांड्या गेल्या. राजा दरवाजावर संतापला, मण्यावर संतापला, मणी ठेवून जाणाऱ्या पणजोबांवर संतापला, डोंगर उभा केला म्हणून देवावर संतापला. एक स्वतः सोडून सगळ्यांवर संतापून झालं, तेव्हा साळुंकी त्याच्या उशाशी येऊन बसली.

"चिडून झालं? मग जोडे घाल."

"किती चढायचं?"

"दहा पायऱ्या. आणि खाली यायचं."

"दहा! अगं, मी राजा आहे. दहा पायऱ्या चढून उतरलो तर धुणं धुणाऱ्या बायका हसतील मला."

"हसू देत. उद्या पुन्हा दहा. त्या हसून कंटाळल्या की अकरा."

राजाने रागाच्या भरात उत्साहमणी खंदकात भिरकावला आणि जोडे घातले. दहा पायऱ्या चढला, उतरला. बायका हसल्या, अगदी पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसल्या. पाचव्या दिवशी त्यांना आपली कामं आठवली. राजा रोज कुरकुरे, रोज जाई. एका सकाळी मेजवानीच्या निमित्ताने त्याने चुकवलं, तर पुढच्या दिवशी पाय परक्याचे वाटले आणि तो विनाकारण आचाऱ्यावर ओरडला. त्यानंतर त्याने चुकवलं नाही. दहाच्या पन्नास झाल्या, पन्नासच्या दोनशे. कंबर गेली अशी बातमी आली त्या आठवड्यात तो दुसऱ्या दरवाजाशी पोचला, या खेपेला नगाऱ्यांशिवाय.

"काल आला होतास का?"

"काल आलो होतो. परवा आलो होतो. तेरवाही आलो होतो. विचारतोस काय तोंड वर करून?"

दरवाजा उघडला.

वरच्या साडेचारशे पायऱ्या खालच्यांपेक्षा उंच होत्या. त्या चढेपर्यंत सहावी पौर्णिमा येऊन गेली. तिसरा दरवाजा महालाचाच होता. त्याने विचारलं, "उद्या येशील का?"

राजाने छाती काढली. "प्राण गेला तरी येईन! सूर्यचंद्र साक्षी आहेत!"

"शपथा फार ऐकल्या," दरवाजा म्हणाला.

असं रोज झालं. राजाने तलवारीची आण घेतली, कुलदैवताची घेतली, सिंहासनाची घेतली. दरवाजा ढिम्म. सातव्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दाराच्या फटीतून आवाज आला, "बाबा, मान वळत नाही आता."

राजाने दगडावर डोकं टेकलं. "दार उघड. आज उघडलंस तर उद्या यायची वेळच येणार नाही."

"मग आज जा," दरवाजा म्हणाला.

पौर्णिमेची सकाळ झाली. प्रधानाने पांढरी वस्त्रं काढून ठेवली होती. तो म्हणाला, "महाराज, आता जाऊन उपयोग नाही." थोरला घामकरी पुढे झाला, "आजच्या दिवस आम्ही जातो, महाराज. आपण पडून राहावं." राजाने जोडे घातले. अंगात उत्साह नव्हता, राग नव्हता, आशाही नव्हती. पाय तेवढे पायऱ्या मोजत राहिले. तो वर पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

"उद्या येशील का?"

राजाने उपरण्याने मान पुसली. "येईन."

"उद्या ती दगड झालेली असेल."

"मग दगड माझा नाही का?" राजा एवढ्या जोराने ओरडला की त्याचा आवाज फाटला. "दगडावर धूळ बसते. पाखरं घाण करतात. पुसायला कुणी तरी नको? मी येईन, उद्या येईन, परवा येईन, तू उघड नाही तर नको उघडूस. रोज विचारतोस आणि रोज मी इथे उभा असतो. दिसत नाही तुला? डोळे फुटलेत?"

दरवाजा उघडला.

मृगांका गवाक्षाशी उभी होती. राजाने तिच्या दगडी खांद्यावर हात ठेवला. दगड खांद्यावरून कमरेला, कमरेवरून घोट्याला उतरला आणि फरशीत मुरून गेला. मृगांकाने एक पाय झटकला, दुसरा झटकला, बापाच्या गळ्यात पडली आणि दुसऱ्याच क्षणी मागे सरून कडाडली.

"सात महिने! एका डोंगराला सात महिने, बाबा? मी इथून रोज पाहत होते. मी पायांकडून दगड होत होते आणि तुम्ही चाळिसाव्या पायरीवर बसून पान जुळवत होतात!"

राजाने मागे पाहिलं. प्रधान नव्हता, घामकरी नव्हते, त्याच्या नावाने बोलणारं कुणीच नव्हतं.

"चुकलं," राजा म्हणाला. "माझं चुकलं, बाळ."

दोघं नऊशे पायऱ्या उतरून आली तेव्हा चंद्र उगवला होता. मागे तांबडा महाल नव्हता, अग्निशिखही नव्हता. राजाने घामकऱ्यांना त्या कामातून मोकळं केलं. दुसऱ्या पहाटे सवयीने ते आखाड्यात उतरले, हातावर पाणी घेतलं आणि संकल्पात स्वतःचं नाव घेताना पाचही जणांची जीभ अडखळली. थोरल्याने तर डोळे पुसले. मग त्यांनी नमस्कार घातले, आणि भालदाराला ललकारी द्यायला कुणी सांगितलं नाही.

त्याच पहाटे मृगांकाला जाग आली तर राजा उंबऱ्याशी बसून जोड्यांचे बंद बांधत होता.

"आता कुठे निघालात? मी तर घरी आले."

"कुठे म्हणजे?" राजा उसळला. "काल त्या दरवाजाने विचारलं, उद्या येशील का. मी काय म्हणालो?"

 मृगांका कुरकुरत उठली आणि स्वतःचे जोडे शोधू लागली. राज्यात पुन्हा राजा उठू लागला, प्रजा सुखी झाली. जशी त्यांची पायरी वाढली तशी ऐकणाऱ्यांची वाढो. आणि आता उठा बरं, कहाणी ऐकून कुणाला घाम येत नाही.