आधी वाटाड्याचं ताट

तुम्हाला राग आला, ते मला दिसलं. येऊ दे. गाडीच्या टपावर तंबू बांधून तुम्ही पाच जण एवढ्या लांबून आलात, दोन रात्री वर पठारावर काढल्यात, भुकेले घाट उतरून माझ्या अंगणात बसलात, आणि मी पहिली भाकरी वाढली ती तुम्हाला नाही, तुम्हाला वाट दाखवणाऱ्या हिराजीला. शहरात असं झालं तर पाहुणे ताटावरून उठतील. आमच्या वेळूपाड्यात मात्र हीच रीत आहे. घाट उतरून आलेला वाटाड्या आधी पाटावर बसतो, वाढणारीला "आलो खाली" असं सांगतो, मग त्याच्या ताटात भाकरी पडते आणि त्यानंतर पाहुण्यांच्या. तोवर पाहुण्याला पाण्याशिवाय काही मिळत नाही, मग तो कलेक्टर का असेना.

आता तुमचीही ताटं वाढली आहेत. जेवत जेवत ऐका. मी एकवीस वर्षं आश्रमशाळेत शिकवलं आहे, त्यामुळे मधे कोणी बोललेलं मला खपत नाही.

इथूनच कड्याकडे बघा. अगदी टोकाला एक सपाट दगड पुढे आलेला दिसतो ना, त्याला आम्ही सोमजीची बसकण म्हणतो. काल तुम्ही सगळ्यांनी त्यावर बसून फोटो काढलेत म्हणे. हिराजी तिथे बसत नाही. वेळूपाड्यातलं कोणीच बसत नाही.

सोमजी या घाटाचा जुना वाटाड्या. किती जुना, ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा खाली गाडीरस्ता नव्हता. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून याच घाटाने बंदराकडे जायचा. पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा बैल दिसत नाही, आणि वाटा तर जागोजागी फुटतात, त्यातल्या निम्म्या थेट कड्यावर जाऊन संपतात. म्हणून वाटाड्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. सोमजीने नेलेल्यांपैकी एक माणूस किंवा एक बैल कधी दगावला नाही, असं सांगतात. त्याचं घर याच जागेवर होतं. बायकोचं नाव बुधी.

त्या काळी रीत अगदी उलटी होती. घाट उतरून आलेला पाहुणा आधी जेवायचा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत त्याला काहीही विचारायचं नाही. कुठून आलात, कसे आलात, एक शब्द नाही. दमलेल्या माणसाला सुखाने दोन घास खाऊ द्यावेत, असं सासवा सुनांना शिकवायच्या. बुधीलाही तिच्या सासूने तेच शिकवलं होतं.

एका भाद्रपदात हळदीचे सात व्यापारी सोमजीबरोबर निघाले. त्यांच्या म्होरक्याचं नाव आम्हाला माहीत आहे, पण आम्ही ते घेत नाही. पठारावरच्या गुहेत मुक्काम झाला. सकाळी निघाले, तर घाटाच्या तोंडाशीच ओल्या खडकावरून एक बैल घसरला. सोमजीने खांदा लावून त्याला थोपवलं. बैल वाचला, हळदही वाचली. सोमजीचा पाय मात्र बैल आणि खडक यांच्यामध्ये सापडून गुडघ्याखाली मोडला.

एका बैलावरच्या गोण्या उतरवा आणि मला बसवा, असं तो म्हणाला म्हणे. म्होरक्या म्हणाला, "एवढ्या उतारावर हिसके बसतील, पाय पार जाईल. तुम्ही इथंच पडून राहा. आम्ही खाली जाऊन डोली पाठवतो." सोमजीला ते पटलं. बोलणं काही खोटं नव्हतं, उतार कसा आहे ते तुमच्या गुडघ्यांना आज कळलंच आहे. त्यांनी त्याला उचलून गुहेपाशी, पाण्याच्या टाक्याजवळ ठेवलं. जवळ दोन भाकऱ्या दिल्या. मग म्होरक्याने टाक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन शपथ वाहिली, की उन्हं कलायच्या आत चार माणसं वर येतील.

तेव्हा सोमजीने त्यांना वाट सांगितली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, तुमच्या फोनवर सगळ्या वाटा असतात. पण तेव्हाचा वाटाड्या वाट दाखवायचा, सांगायचा नाही, कारण सांगून टाकली की त्याला पुन्हा विचारतो कोण? सोमजीने सगळी सांगितली. उंबराशी डावीकडे वळा, पाण्याचा आवाज आला की त्याकडे पाठ करा, तिसऱ्या वळणावर बैल उजवीकडे ओढेल, त्याचं ऐकू नका. शेवटी म्हणाला, "खाली पयलं घर माझंच हाय. घरात सांगा फकस्त. ती हाक मारंल, मानसं गोळा व्हतील."

सातही जण आणि सगळे बैल दुपारपर्यंत धडधाकट खाली आले. तोवर धुकंही उठलं होतं.

बुधीला सात पाहुणे दिसले, आपला माणूस दिसला नाही. पण तिने विचारलं नाही. पाट मांडले, भाकऱ्या थापल्या, वालाची आमटी केली आणि अंगणात पंगत बसवली.

आता बोलायचं ते त्यांनी. पण बंदरात त्यांचं गलबत लागलं होतं. खरं सांगितलं असतं तर सगळा पाडा हलला असता, डोलीला यांनाही खांदा द्यावा लागला असता आणि एक दिवस मोडला असता. फक्त एक दिवस. इतक्या वेळा ही गोष्ट सांगितली, तरी इथे आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

जेवणं होत आली तेव्हा बुधीने बिचकत विचारलं, "आमचे घरधनी कुठं ऱ्हायले?"

म्होरक्याने हात धुता धुता सांगितलं, "वर दुसरा तांडा भेटला. त्यांना घेऊन माघारी गेले. चार दिवसांनी येतो म्हणालेत."

सातांमधला एक म्हातारा मान खाली घालून बसला होता. त्याला घास गिळवेना. बुधीला वाटलं, कोरडं लागत असेल. तिने घरातून तुपाची लोटी आणली आणि त्याच्या भाकरीवर ते वाढलं. बाकीच्यांनाही आणखी एक-एक भाकरी घ्यायला लावली.

ते गेले. बुधीने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी पहाटेच दिराला आणि शेजारच्या दोघांना घेऊन ती घाट चढली.

सोमजी गुहेत नव्हता. टाक्यापाशीही नव्हता. तो सापडला कड्याच्या टोकावरच्या त्या दगडावर. टाकं तिथून तीनशे पावलं मागे आहे. मोडका पाय ओढत तो पाणी सोडून तिथे आला होता, कारण गुहेतून खालचं काही दिसत नाही आणि दगडावरून हे अंगण दिसतं. परत मागे जायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

जीव होता अजून. बुधीने त्याच्या फुटलेल्या ओठांना पाणी लावलं, थोडं पाजलं. मग तो बोलला, असं सांगतात. म्हणाला, "धुकं उठलं तवा दिसलं मला. अंगनात सात पागोटी बसलीत न् तू वाढतीयास. म्हनलं, चला, पोचला निरोप. जेवून उठली का निघतील आपली मानसं."

आणखी एक घोट घेऊन म्हणाला, "लई येळ कुनी निघंना. म्हनलं, तूच आग्रेव करत बसली आसशील."

तिने केला होताच आग्रह.

डोलीतून उतरवताना अर्ध्या घाटात तो गेला. पलीकडच्या पाड्यातले लोक सांगतात की तो जगला, लंगडत का होईना पुढे दहा वर्षं घाट चढला. त्यांना शेवट गोड लागतो. मला ते मुळीच पटत नाही.

पुढच्या भाद्रपदात ते सात जण पुन्हा आले. वाटाड्या न घेता आले, कारण वाट आता त्यांना पाठ होती. सोमजी कसाबसा सुटला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. येऊन निवांत अंगणात बसले.

बुधीने आठ पाट मांडले, आठ ताटं ठेवली. पहिल्या ताटात भाकरी, आमटी, तूप असं सगळं वाढलं. बाकीची सात रिकामी ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिली.

बराच वेळ झाला तेव्हा म्होरक्या म्हणाला, "वहिनी, आम्हालाही वाढा."

"ते यायचेत. ते बसले का वाढते."

"कुठं गेलेत?"

"तुमालाच ठावं. तुमीच म्हनला व्हता, चार दिसांनी येतील."

कोणी जागचं हललं नाही. हळूहळू सगळा पाडा कुंपणाशी येऊन उभा राहिला. कोणी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. ताटातली भाकरी वातड झाली, उन्हं कलली, तरी सातही जण रिकाम्या ताटांपुढे बसून होते. शेवटी तो म्हातारा रडायला लागला. म्हणाला, "बाई, मी सांगणार होतो. अगदी तोंडात आलं होतं."

बुधी म्हणाली, "तोंडात माझी भाकर व्हती."

मग ते उठले आणि उपाशी गेले. या घाटात पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्या दिवसापासून बुधीने ठरवलं, की वाट दाखवणारा पाटावर बसल्याशिवाय या दारात कोणाला घास वाढायचा नाही. पाहता पाहता सगळ्या पाड्याने ते उचललं.

आजही वेळूपाड्यात वाटाड्या आधी जेवतो. आजही त्याने "आलो खाली" म्हटल्याशिवाय आमच्या बायका भाकरीला हात लावत नाहीत. पाहुण्याला आम्ही आता भर जेवणात विचारतो, किती जण निघालात, किती आलात, मागे कोण राहिलं. उत्तर मिळालं तरी पुन्हा एकदा विचारतो. दमलेल्या माणसाला सुखाने खाऊ देणारा तो जुना पाडा मला बघायला आवडला असता. तो त्या सात जणांनी नेला.

दर खेपेला तुमच्यासारखं कोणीतरी मला म्हणतंच, "बाई, आम्ही काय तशी माणसं वाटतो का तुम्हाला?" नाही हो, अजिबात नाही वाटत. बुधीलाही ते सात जण तसे वाटले नव्हते.