मोकळ्या तारा

“...मग पोर्तुगालच्याच कॉलेजला होकार कळवू ना, सर?”

सरिनाने विचारलं खरं, पण उत्तर तिने मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

वसईजवळच्या भुईगावात, इनास सरांच्या पडवीत बसून ती शास्त्रीय गिटार शिकली होती. आता पदवीसाठी तिला दोन कॉलेजांनी बोलावलं होतं.

पोर्तुगालच्या परीक्षकांनी तिचं वादन ऐकून उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. थेट दुसऱ्या वर्षाला घेऊ, पहिल्याच सहामाहीत एकटीचा कार्यक्रम ठेवू, असं त्यांनी कबूल केलं होतं.

जर्मनीतल्या परीक्षक बाईंनी मात्र तिला चार ओळींतच थांबवलं. प्रवेश देऊ, पण वर्षभर एकही रचना वाजवायची नाही. डाव्या हाताने न दाबता नुसत्या मोकळ्या तारा छेडण्यापासून हात नव्याने बसवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं.

हे सांगताना सरिनाला हसू आवरेना. इनास सरांची शिष्या, आणि तिला तारा छेडायला शिकवणार...

सर हसले नाहीत. त्यांनी तिला वाजवायला सांगितलं.

तिने आपल्याकडची सगळ्यात अवघड रचना काढली. बोटं सुसाट धावली. कुंपणापलीकडे केळीला पाणी देणारी माणसं हातातलं काम सोडून ऐकत राहिली. वाजवून झाल्यावर त्यांनी वाहवा केली.

सरिना सरांकडे वळली.

“हाताबद्दल नेमकं काय म्हणाल्या त्या बाई?”

“मनगट आत मुडपतं म्हणे. त्याने अंगठ्याचा सूर दबतो.”

सरांनी गिटार मागून घेतली. उजवा हात तारांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. वाजवलं काहीच नाही.

सरिनाने पाहिलं. मनगट आत मुडपलेलं होतं.

याच हाताकडे बघत बघत ती लहानाची मोठी झाली होती. मघाचं हसणं आता तिलाच बोचू लागलं.

“सर, मला तसं...”

त्यांनी मान हलवली. तरुणपणी आपल्यालाही परदेशी प्रवेश मिळाला होता, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते आज सांगितलं. तिथल्या प्राध्यापकांनीही हेच मनगट धरून दाखवलं होतं.

“काही दिवस मोकळ्या तारा वाजवल्या. शेजारच्या खोल्यांतून पोरं काय काय वाजवायची... लाज वाटली. परत आलो.”

“आणि परत आल्यावर?” सरिनाने हळूच विचारलं.

सरांनी गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

“तेव्हापासून या पंचक्रोशीत माझ्याइतकं चांगलं कुणी वाजवत नाही.”