रडणाऱ्या स्तोत्राची पाळी

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर छापलेलं पुस्तक तेव्हा कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका किल्ल्याच्या पायथ्याशी पन्नास घरांचं गाव होतं. गावाच्या प्रार्थनाघरात दीडशे स्तोत्रांची हाताने लिहिलेली एकच पोथी होती, आणि ती वाचता येई फक्त पाळकबाबांना.

म्हणून गावानं एक रीत पाडली होती. पन्नास घरं, प्रत्येक घराकडे तीन स्तोत्रं. ती घरानं पाठ करायची, वर्षभर घोळवायची, हे शब्द देवाला कोणी आणि का म्हटले असतील यावर जेवताना वाद घालायचा. वर्षातल्या एका रविवारी घराची पाळी आली की मंडळीपुढे उभं राहून गायचं. बाकीचे नुसतं शेवटचं पद उचलत. दुसऱ्याच्या स्तोत्राला कोणी हात लावत नसे. "ते त्यांच्या घरचं," म्हणत आणि गप्प बसत.

गावात चटया विणणारी एक बाई होती. हात चपळ आणि जीभ मिरचीसारखी. तिच्या घरची दोन स्तोत्रं आनंदाची, एक रडण्याचं. तिच्या नवऱ्याला किल्ल्याची भिंत बांधायला वेठीला धरून नेलं, आणि तो तिथेच दगडाखाली गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून चटई विणताना ती रडण्याचंच स्तोत्र गाई. ते स्तोत्र सरळ देवालाच जाब विचारी, की दुबळ्याला चिरडतात तेव्हा तू असतोस कुठे? आणि शेवटी त्याच देवाला धरून बसे. "हे नसतं तर मी वेडी झाले असते," असं ती कोणालाही सांगे.

एकदा नवा किल्लेदार प्रार्थनेला येऊन बसला. कोणाच्या तरी घरचं असंच एक रडण्याचं स्तोत्र त्याच्या कानावर पडलं, आणि त्याला मिरच्या झोंबल्या. चिरडणारा म्हणजे आपणच, हे त्याला बरोबर कळलं! त्यानं पोथी मागवली, पाळकबाबांना दाखवायला लावून रडण्याची सगळी पानं फाडली आणि चुलीत घातली. "यापुढे फक्त गोड स्तोत्रं," असा हुकूम सोडला. एकेक घराची पाळी आली, एकेका घरानं आपलं रडणं गिळलं. भीती कोणाला नसते?

मग बाईची पाळी आली. आदल्या दिवशी पाळकबाबा तिच्या दारात आले.

"बाई, उद्या दोनच गा. देवाच्या घरात रडगाणं कशाला?"

"मग रडायचं कुठे, पाळकबाबा? बाजारात?"

"अगं, त्याचं पानच राहिलं नाही आता."

"पान नसू दे. मी आहे ना?"

"तू आहेस. पण तुझ्यामागे कोण?" पाळकबाबा हळूच म्हणाले.

ते खरंच होतं. ते स्तोत्र आता गावात तिच्या एकटीच्या तोंडात उरलं होतं, आणि ती गेली की तेही जाणार होतं.

रविवारी किल्लेदार पुढेच बसला होता. बाई उठली आणि तिनं पहिलंच रडण्याचं स्तोत्र धरलं.

"गप्प बस!" किल्लेदार ओरडला.

"सरकार, पाळी माझी आहे," बाई म्हणाली.

पाळकबाबांनी घाबरून शेजारच्या कुंभाराला खूण केली, त्याच्या घरची स्तोत्रं सुरू कर म्हणून. कुंभारानं एकदा किल्लेदाराकडे पाहिलं. तरी तो म्हणाला, "तिची संपली नाही, बाबा. मी कसा उठू?"

किल्लेदाराचं डोकं फिरलं. "हिला गाढवावर बसवा! ढोल वाजवत धिंड काढा! पन्नासही दारांत थांबा, म्हणजे घराघराला अक्कल येईल. मग वेशीबाहेर हाकला, परत पाऊल टाकता कामा नये!" एवढं बोलून तो किल्ल्यावर जेवायला निघून गेला.

गाढवावर बसली तेव्हा बाई मनातून घाबरली होती. तिला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. तेवढ्यात ढोल वाजला. मग रडायचंच आहे तर नीट रडू, असं म्हणून तिनं स्तोत्र सुरू केलं.

"ए, तोंड बंद कर!" एक शिपाई खेकसला.

"तोंडाचा हुकूम नाही रे, ढोलाचा आहे," ढोलवाला म्हणाला आणि तिच्या गाण्याला ठेका देऊ लागला. त्याचाही भाऊ त्या भिंतीखाली गेला होता.

दर दारात ती पहिल्यापासून म्हणे. पाचव्या दारात लोक नुसते बघत होते. विसाव्या दारात बायकांचे ओठ हलायला लागले. पुढे पुढे ती येण्याआधीच लोक उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. वेशीपाशी पोचली तेव्हा तिचा घसा बसला होता, शेवटचं पद काही केल्या निघेना. ते पद मागच्या घरांनी म्हटलं.

वर्ष गेलं. बाईच्या पाळीच्या रविवारी किल्लेदार मुद्दाम येऊन बसला.

"आज चटईवाल्या बाईच्या घराची पाळी," पाळकबाबा म्हणाले.

"ते घर ओस आहे. पुढे चला," किल्लेदार हसला.

पाळकबाबा पुढे गेले नाहीत. त्यांनीच पहिला शब्द उचलला. मग कुंभार उठला, त्याची बायको उठली, एकोणपन्नास घरं उठली आणि सगळ्यांनी मिळून ते रडणं छत दणाणून सोडेल असं गायलं.

"हे कोणाच्या घरचं आहे?" किल्लेदार गरजला.

"आमच्या," कुंभार म्हणाला.

"आमच्या!" सगळे म्हणाले.

"हाकला सगळ्यांना!"

"हाकलतो की, सरकार," ढोलवाला म्हणाला, "पण मग भिंत कोण बांधणार?"

किल्लेदार लालबुंद होऊन निघून गेला. बाई वर्षभर वेशीबाहेरच्या एका खोपटात चटया विणत राहिली होती; त्याच दुपारी गाव तिथे जाऊन तिला घेऊन आलं. वेशीवर शिपाई होते, ते बाजूला झाले. जी जी घरं आपलं रडणं गिळून बसली होती त्यांनी ते पुन्हा काढलं, आणि पाळकबाबांनी नवी पानं लिहायला घेतली.

बाई प्रार्थनाघरात आली, तिनं लोकांचं गाणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दुसरं कडवं साफ चुकवलंय तुम्ही! चला, पहिल्यापासून म्हणा."

सगळ्यांनी पहिल्यापासून म्हटलं.

तात्पर्य एवढंच: देवापुढे रडायचं स्तोत्र एकाच गळ्यावर सोडू नये, ते सगळ्यांनी पाठ करावं आणि मोठ्यानं गावं.