मुठीतली शेवंती

त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, आभाळ कोरडं असायला हवं होतं. पण पूर्वेकडून काळे ढग चढले आणि गारठ्याची झड बसली. गोष्ट फार मागली आहे, शेवरवाडीला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हाची. त्या झडीत येसबा माळी आपल्या मळ्यातल्या एका झुडपावर घोंगडं धरून उभा होता.

मळा सगळा पिवळ्या शेवंतीचा. पण त्या एका झुडपाची एकच फांदी वेगळी निघाली होती. तिचं फूल आतून तांबडं, आणि पाकळीच्या कडेनं पांढरी रेघ. असं फूल त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात.

येसबाला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. तरुणपणी त्याच्या मळ्यात अशीच एक फांदी निघाली होती. त्यानं फूल खुडून देवीला वाहिलं आणि नेहमीच्या रीतीनं झुडपाच्या बुडाचे फुटवे लावले. पुढल्या वर्षी बघतो तर सगळं पिवळं. नवा रंग मुळात नव्हताच, तो त्या फांदीत होता, आणि फांदी तर केव्हाच वाळून गेली होती. तीस वर्षं ते त्याला सलत होतं.

दुपारी वाऱ्याचा एक झोत असा आला की फांदी खोडापासून चिरली आणि बोटभर सालीवर लोंबायला लागली. येसबानं झटकन ती मुठीत धरली. तेवढ्यात पाटील आले. दुसऱ्या दिवशी गडावर सरकारांपुढं गावोगावच्या नव्या फुलांची चढाओढ होती.

"येसबा, फूल काढ. हातभर देठासकट. तसा नेमच हाय."

"हातभर देठ म्हंजी आख्खी फांदी, पाटील."

"मग? मोडलीच हाय ती. बुडाचं फुटवं लाव की!"

"बुडाला ह्यो रंग ठावं न्हाई."

पाटलांचा आवाज चढला. "गावाची लाज घालवतोस व्हय?"

येसबानं उजवी मूठ तशीच आवळून धरली. डाव्या हातानं खुरपं घेतलं आणि चार बोटं देठ ठेवून फूल कापून दिलं. गडावर ते रांगेत मांडूनसुद्धा घेतलं नाही. पाटील तसेच परतले. गाव चिडलं, मळ्याकडं कुणी फिरकेना.

फिरकली ती एकटी शेजारची धुरपदा. येसबानं चिरेवर ओली माती थापली होती आणि मातीसकट फांदी मुठीत आवळून तो बसला होता. मूठ सोडावी तर फांदी तुटणार. तोडून वाफ्यात खोचावी तर त्या चिखलात कुजणार.

"अरं, लग्नात बायकोचा हात बी एवढा घट्ट धरला नव्हतास," ती म्हणाली, आणि भाकरी भिजवून त्याला भरवायला बसली.

कुणी अकरा दिवस म्हणतं, कुणी एकवीस. झड उघडली, थंडी पडली. मुठीतली माती सुकली की धुरपदा तांब्यातून चार थेंब सोडी. फांदीची पानं कोमेजली, एकेक करून गळली. शेवटी शेंड्याला दोनच राहिली. येसबाचे डोळे मिटायचे, मान खाली यायची, पण मूठ ढिली होत नव्हती. बोटं काळीनिळी पडली. आणि मग एका सकाळी बोटांच्या फटींतून पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्या नि त्याच्या मनगटाला वेढत गेल्या, असं म्हणतात.

पुढल्या कार्तिकात तो तांबडा रंग त्याच्या मळ्यात फुलला, आणि दोन-चार वर्षांत शेवरवाडीत घरोघरी गेला, पाटलांच्या अंगणातसुद्धा.

आजही त्या गावात शेवंतीचं नवं रोप टोपलीत घालून देत नाहीत. देणारा ते मातीसकट मुठीत धरून आणतो आणि दारात मूठ मिटूनच उभा राहतो. मग घरातली वडीलधारी बाई येसबाचं नाव घेते आणि त्या सकाळी धुरपदा जे बोलली तेच बोलते. मुळ्या दिसत होत्या, खड्डा तयार होता, तरी मूठ उघडायचा येसबाला धीर होत नव्हता. तेव्हा धुरपदानं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ती म्हणाली,

"सोड आता, येसू. तू लई धरलंस. आता त्याला माती पायजे."